आडवाटेची मोटारसायकल आणि घरची दुरुस्ती



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी एखाद्या संपाचा किंवा वेतनकराराचा इतिहास सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे कामगार संघटनेत घालवलेल्या माणसाकडे दुसरे काय मागावयाचे? परंतु त्या विषयावर मी कारखान्यांच्या फाटकांसमोर इतक्या वेळा बोललो आहे की, आता माझे मलाच ते पाठ झाले आहे. मी त्यांना म्हटले, माझ्या घरामागच्या पडवीत एक जुनी राजदूत मोटारसायकल उभी आहे, तिच्याविषयी बोलतो. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नववीत शाळा सुटली आणि १९८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, नाना पेठेतल्या एका गॅरेजात मी ‘पोऱ्या’ म्हणून लागलो. पुढे कारखान्यात फिटर झालो, संघटनेत आलो, आणि वाचावयास शिकलो तो रात्रीच्या वेळी वाचनालयात बसून. त्यामुळे माझा इतिहास थोडा ग्रेस लागलेला आहे, तो तसाच गोड मानून घ्यावा.

गॅरेजात गेल्यावर पहिल्या दिवशी उस्तादांनी माझ्यापुढे दोन पत्र्याचे डबे ठेवले. दोन्हींत पाने होते. एकातल्या पान्यांवर पाव, पाच-सोळांश, तीन-अष्टमांश असे इंचाचे अपूर्णांक कोरलेले, दुसऱ्यातल्यांवर दहा, चौदा, सतरा असे मिलिमीटर. मी आपल्या अकलेने पाव इंचाचा पाना मोजपट्टीवर धरला तर त्याचे तोंड पाव इंचापेक्षा बरेच मोठे निघाले. उस्ताद म्हणाले, “तो आकडा पान्याचा नव्हे, बोल्टाच्या दांड्याचा आहे. विलायती रीत.” पुढे वाचनात आले की ही व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रकाराची एकोणिसाव्या शतकातली पद्धत. श्रोतेहो, आपल्या गावात मोटारसायकल कोठून कोठून आली, याचा सगळा इतिहास त्या दोन डब्यांत होता. इंची डबा इंग्रजांच्या लष्कराचा आणि बुलेटचा. मिलिमीटरचा डबा चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचा आणि पोलंडहून आलेल्या राजदूतचा. एका डब्यातला पाना दुसऱ्या गाडीला जबरदस्तीने लावला की नटाचे कोपरे गोल होत, आणि मग उस्तादांचा हात आपल्या कानावर येई.

इंची डब्यापासून आरंभ करू. पुणे हे लष्करी गाव. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. दुसऱ्या महायुद्धात खडकी, देहूरोड ही लष्करी सामानाची मोठी ठाणी होती. त्या युद्धात इंग्रजांनी मोटारसायकली ज्या संख्येने बनवल्या तिची आज कल्पना येत नाही. बीएसए कंपनीची एम-२० ही एकच जात सव्वा लाखाच्या वर निघाली, आणि मॅचलेसची साडेतीनशे सीसीची गाडी ऐंशी हजारांच्या आसपास. निरोप्या जवानाने तारायंत्र तुटले असता चिठ्ठी घेऊन चिखलातून, वाळूतून, शेतातून जावयाचे, यासाठी या गाड्या. रॉयल एनफील्डने तर सव्वाशे सीसीची एक चिमुकली गाडी जर्मन डीकेडब्ल्यूच्या धर्तीवर बनवली. ती लोखंडी पिंजऱ्यात घालून विमानातून छत्रीने खाली सोडीत, आणि सैनिकांनी तिचे नावच ‘उडती पिसू’ पाडले होते.

आडवाटेला चालणाऱ्या गाडीत काय हवे, हे या लष्करी गाड्यांनी ठरवून दिले. वेग नको. बीएसए एम-२० चे इंजिन पाचशे सीसीचे, पण जुन्या ‘साईड व्हॉल्व्ह’ बांधणीचे. त्या काळीही ते मागासलेले समजले जाई. मात्र त्याचे डोके म्हणजे नुसते एक ओतीव झाकण. काही बोल्ट सोडले की ते हातात येई, व्हॉल्व्हची यंत्रणा न हलवता आतला कार्बन खरवडता येई, आणि दाब कमी असल्यामुळे हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ते चाले. वाळवंटात बंद पडलेली गाडी ज्याची त्यानेच उघडावयाची, हे गृहीत धरून ती बनवली होती. युद्ध संपल्यावर सरकारने असा माल लिलावात काढला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आमच्या उस्तादांच्या पिढीच्या तोंडी इतका होता की, कोणतीही टिकाऊ पण कुरूप वस्तू दिसली की ते तिला डिस्पोजल म्हणत. एकदा एका व्याह्यांनाही म्हणाले.

आता एका परदेशी स्पर्धेचा उल्लेख केल्याविना पुढे जाता येत नाही. १९१३ सालापासून युरोपात मोटारसायकलींची ‘सहा दिवसांची परीक्षा’ भरत आली आहे. डोंगर, ओढे, दगडधोंडे यांतून सहा दिवस ठरल्या वेळात गाडी न्यावयाची. पण तिचे खरे मर्म दुसऱ्याच नियमात आहे. गाडीच्या मुख्य भागांवर आरंभीच खुणा करीत, म्हणजे ते गुपचूप बदलता येऊ नयेत, आणि वाटेत काही मोडले तर स्वाराने स्वतःच्या हातांनी, जवळच्या हत्यारांनी दुरुस्त करावयाचे. मदतनिसाने पाना हातात धरला तरी तो दोष. म्हणजे ही स्वारीची परीक्षा होती तितकीच फिटरचीही होती. १९४८ साली इटलीत सान रेमो येथे झालेल्या परीक्षेत मागच्या चाकाला झुलता दांडा बसवलेल्या नव्या बुलेटींनी भाग घेतला आणि त्यांच्या दोन स्वारांना सुवर्णपदके मिळाली. पुढील दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या संघाने जावावर बसून हीच परीक्षा अनेकदा मारली. आपल्याकडे पुढे ज्या गाड्या आल्या, त्या अशा तालमीतून आलेल्या होत्या.

त्या कशा आल्या ते थोडक्यात सांगतो. स्वतंत्र भारताच्या सेनेला सरहद्दीच्या गस्तीसाठी डोंगरात टिकणारी गाडी हवी होती, तिने बुलेट निवडली. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया स्थापन झाली. गंमत अशी की, इंग्लंडातली मूळ कंपनी १९७० पर्यंत संपली आणि मद्रासची चालू राहिली, इतकी की १९७७ पासून बुलेटी उलट इंग्लंडात जाऊ लागल्या. म्हैसुरात आयडियल जावाने १९६१ च्या सुमारास अडीचशे सीसीची जावा काढली, तीच १९७३ पासून येझदी. आणि १९६२ साली फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीचा परवाना घेऊन राजदूत आणली.

राजदूत ही शहरी माणसाची गाडी कधीच नव्हती. पाऊणेदोनशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, उंच बांधा, पुढच्या चाकाचा जोड दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा नव्हे, तर बिजागरीवर वरखाली झुलणारा. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात तिची एक ठेंगणी बहीण मिरवली खरी, पण मूळची राजदूत चालली ती दूधवाल्यांच्या जिवावर. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या टांगून ती पहाटे मुळशी, वेल्हे, मावळ या बाजूंनी खडीच्या आणि मातीच्या वाटांनी उतरत असे. ‘आडवाटेची मोटारसायकल’ म्हटल्यावर तरुणांच्या डोळ्यांपुढे शर्यतीतला हेल्मेटवाला येतो, माझ्यापुढे धोतराचा सोगा चेनीत अडकू नये म्हणून कमरेला खोचलेला तो दूधवाला येतो.

आता हे ध्यानात घ्या की, त्या काळात दुरुस्ती हा छंद नव्हता. उत्पादनावर परवान्यांचे बंधन होते. स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलगा जन्मला की नंबर लावावा, लग्नाला गाडी मिळेल, अशी थट्टा आपल्या पेठांत चालत असे. जी गाडी बदलता येत नाही ती दुरुस्तच करावी लागते. त्यात पुणे हे सायकलींचे गाव. घरोघरी कोणाला तरी पंक्चर काढता येई, छर्रे बदलता येत. सायकलवाल्याच्या दुकानातूनच पुढे मोटारसायकलचा मिस्त्री निघाला.

आमचे उस्ताद असेच सायकलच्या दुकानातून आलेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. पूर ओसरल्यावर पुढचे कित्येक आठवडे आपण चिखल धुण्याखेरीज काही केले नाही, असे ते सांगत. लोक नुसत्या पाण्याने गाडी धुऊन किक मारीत आणि इंजिन कायमचे बिघडवीत. नदीचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो बेअरिंगमध्ये बसला की पॉलिशच्या कागदासारखे काम करतो. म्हणून सगळे उघडावयाचे, रॉकेलने धुवावयाचे, वाळवावयाचे, तेल लावावयाचे आणि मगच जोडावयाचे. “आधी उघड, मग चालव,” हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकले असेन!

माझी राजदूत मी १९९६ साली मुळशी तालुक्यातील एका दूधवाल्याकडून घेतली. संघटनेच्या कामाला ती हवी होती. कंत्राटी कामगारांशी फाटकावर बोलता येत नाही, मुकादमाचे डोळे असतात. त्यांना गाठावयाचे तर रात्री त्यांच्या गावी, आणि शेवटची एसटी तर संध्याकाळीच गेलेली. मावळात आणि खेडमध्ये अशी अनेक गावे होती की, जेथे डांबर संपल्यावर अजून चार-पाच मैल जावयाचे असे. गाडी बिघडली तर सभा बुडाली, आणि सभा बुडाली की दुसऱ्या दिवशी चार माणसे कमी. म्हणून ती मी घरीच सांभाळू लागलो. घरातील मंडळींनी पडवीतल्या रॉकेलच्या वासाविषयी पहिली दहा वर्षे तक्रार केली, नंतर सोडून दिली.

टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नव्हती. तेल पेट्रोलातच मिसळावयाचे, साधारण वीसास एक. तेल कमी पडले तर पिस्टन तापून जाम होतो, जास्त झाले तर जळके तेल कार्बन होऊन साचते. दूधवाले तेल सढळ हाताने ओतीत, म्हणून माझ्या गाडीचे धुराड्याचे भोक मला निम्मे बुजलेले मिळाले. गाडी चढाला दम टाकत होती, आणि मी महिनाभर कार्ब्युरेटरचे जेट फुंकत बसलो होतो! श्वास आत जात नाही असे मी समजत होतो, वास्तविक तो बाहेर पडत नव्हता. डोके काढले, कार्बन खरवडला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे की, पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, त्याला पोलादी पाते लावू नये, चर पडतात. बाभळीच्या किंवा बांबूच्या धारदार कपचीने खरवडावे. वेळ लागतो, लागू द्यावा.

आणि माझी चूकही सांगतो. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत एक बारीकशी खुंटी असते. रिंगेची दोन तोंडे त्या खुंटीशीच आली पाहिजेत, म्हणजे रिंग फिरून तिचे टोक सिलिंडरच्या खिडकीत अडकत नाही. हे मला ठाऊक होते. गॅरेजात मी ते शेकडो वेळा केले होते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे एका मोठ्या फाटकसभेला जावयाचे होते, रात्री दिवे गेले होते, आणि मी मेणबत्तीच्या उजेडात घाईने सिलिंडर खाली दाबला. तो किंचित अडला. मी जोर केला. रिंग मोडली. पहाटे मी भाजीच्या ट्रकमध्ये बसून गेलो आणि पोहोचलो तेव्हा पहिली पाळी आत गेलेली होती. पुढे वाटाघाटींच्या टेबलाशी एखादा मुद्दा किंचित अडला आणि आमचे तरुण कार्यकर्ते टेबल ठोकू लागले की मला ती रिंग आठवे. असो.

प्रज्वलनाचे काम पॉईंटचे. दोन बारीक टिकल्या, त्यांच्यातले अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर. त्या नेमक्या कोणत्या क्षणी विलग होतात यावर ठिणगीची वेळ ठरते. उस्ताद सिगारेटचा पातळ कागद टिकल्यांत धरून चाक हळूहळू फिरवीत. कागद ज्या क्षणी सुटून हातात येई, तो ठिणगीचा क्षण. पावसाळ्यात ओढा ओलांडताना मॅग्नेटोत पाणी गेले तर गाडी जागीच थांबे. मग झाकण काढावयाचे, रुमालाने कोरडे करावयाचे, आणि पाणी सिलिंडरमध्ये गेल्याचा संशय असेल तर प्लग काढून रिकाम्या किका मारावयाच्या. प्लग न काढता किक मारली तर पाणी दबत नाही, लोखंड वाकते. ताम्हिणीच्या बाजूच्या पावसात हे मी दगडावर बसून इतक्या वेळा केले आहे की, तेथली दोन-चार दगडे मला ओळखत असतील.

सुटे भाग कोठून आणावयाचे? कारखान्याने ती गाडी बंद केल्याला बरीच वर्षे झाली. पण नाना पेठेतील दुकानांच्या माळ्यावर काय निघेल याचा नेम नाही. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे. आणि जे कोठेच मिळत नाही ते लेथवाला करून देतो. पुढच्या झुलत्या जोडाचे बुश झिजले की चाक डुगडुगते. ते गनमेटलचे बुश मी चार वेळा कातून घेतले आहेत. लेथवाल्याकडे नकाशा नसतो, जुना झिजलेला बुशच त्याचा नकाशा. झीज किती झाली ते तो बोटाने जोखतो आणि तेवढी वाढवून देतो. असा माणूस कोणत्याही कागदावर ‘कुशल कामगार’ म्हणून नोंदलेला नसतो.

येथे मला आमच्या संघटनेच्या अपयशाविषयी बोलले पाहिजे. गाडी बनवणाऱ्यांना आम्ही संघटित केले, दुरुस्त करणाऱ्यांना करू शकलो नाही. २००३ साली मी तसा प्रयत्न केला. सहा महिने गॅरेजे हिंडलो. १९४८ चा कारखाना कायदा यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेस लागू होण्यास दहा कामगार हवे होते. १९५२ च्या भविष्यनिधी कायद्याला वीस. गॅरेजात असत तीन, त्यांतले एक मालकाचा पुतण्या. दुकानांचा जुना कायदा तेवढा लहान जागेलाही लागू होता, पण २०१७ साली महाराष्ट्रात नवा कायदा आला त्याने दहापेक्षा कमी माणसांची दुकाने बहुतेक तरतुदींतून वगळली. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मागणी कोणाकडे करावयाची? मालक स्वतःच गाडीखाली उताणा पडलेला, त्याच्याही हाताची सालपटे पेट्रोलने गेलेली. आमच्या पहिल्या बैठकीला अकरा जण आले, दुसऱ्या बैठकीला चार. उस्ताद दोन्हींना आले. त्यांना दम्याने गाठले तेव्हा त्यांच्या नावावर भविष्यनिधीचा एक पैसा नव्हता, आजारपणाचा विमा नव्हता. पुण्यातल्या निदान हजारभर गाड्यांना त्यांनी पुन्हा चालते केले असेल.

टू-स्ट्रोकचे युग कसे संपले तेही सांगितले पाहिजे, आणि त्याबद्दल मी गळा काढणार नाही. त्या इंजिनात ताजे मिश्रण आत येते तेव्हाच जळालेला वायू बाहेर जात असतो. त्यामुळे थोडे न जळलेले पेट्रोल व तेल धुरासोबत निसटते. हा दोष दुरुस्तीचा नाही, मूळ घडणीचा आहे. १९९१ साली धुरावर पहिली मर्यादा आली, १९९६ साली ती कडक झाली, २००० साली आणखी, आणि कारखाने फोर-स्ट्रोककडे वळले. वाहनांची तपासणी करणारी १९६६ सालची संशोधन संस्था आपल्याच गावच्या टेकडीवर आहे. लक्ष्मी रस्त्यावर दिवसभर उभ्या असणाऱ्या हवालदाराच्या छातीत आमचा धूर जात होता, हे मान्य केलेच पाहिजे. माझी राजदूत आता मी गावात चालवीत नाही.

परंतु धुराबरोबर दुसरेही काही गेले. २०२० च्या एप्रिलपासून नव्या नियमांमुळे बहुतेक सगळ्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी विजेवर चालणारी इंधनयंत्रणा आली. ती कमी धूर करते, कमी पेट्रोल खाते. तिच्यातला बिघाड मात्र यंत्र लावून वाचावा लागतो, आणि ते यंत्र व त्याची माहिती प्रत्येक गॅरेजवाल्याला मिळतेच असे नाही. हा प्रश्न केवळ माझ्यासारख्या हळव्यांचा नाही. २०१४ साली आपल्या स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रींना मिळू न दिल्याबद्दल. पुढे त्यावर अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या यादीत वाहनेही घातली. मला त्या यादीत मिस्त्रीचे नाव हवे होते. हक्क ग्राहकाचा म्हणून मांडला गेला. ज्याच्या हाताने दुरुस्ती होणार त्याला त्यात साक्षीदाराची जागा मिळाली.

आमच्या वस्तीतला एक मुलगा चाकणच्या एका कारखान्यात जोडणीच्या साखळीवर उभा असतो. हवेच्या पान्याने ठरावीक बोल्ट ठरावीक जोराने आवळणे हे त्याचे काम. तो आयटीआय झालेला आहे, हुशार आहे, पण ज्या इंजिनाचे बोल्ट तो दिवसभर आवळतो ते आतून त्याने कारखान्यात कधी उघडलेले नाही, कारण ते त्याचे काम नाही. गेल्या हिवाळ्यापासून तो रविवारी सकाळी पडवीत येऊन बसतो. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे ते दोन डबे ठेवले. उस्तादांच्या पश्चात त्यांच्या मुलाने ते मला आणून दिले होते. त्याने पाव इंचाचा पाना उचलला, मोबाईलवर काहीतरी पाहिले आणि म्हणाला, “काका, हा आकडा चुकीचा आहे.”

मागच्या रविवारी आम्ही सिलिंडर उतरवला. तो परत बसवताना किंचित अडला. मी काही बोललो नाही. त्याने हात काढून घेतला, सिलिंडर पुन्हा वर उचलला, वाकून खुंटी पाहिली आणि रिंग बोटाने फिरवून तिच्या जागी आणली. दुपारी साडेबाराला गाडी तिसऱ्या किकेला सुरू झाली, आणि धुरामुळे शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.